आईची शुगरची गोळी आणि पोटातल्या बाळाचं पुढचं मूलबाळ

सातव्या महिन्यात मुलगी मुंबईहून बाळंतपणाला माहेरी येते, दापोली म्हणा गुहागर म्हणा, आणि सामानात मेटफॉर्मिनच्या गोळ्या असतात. मग कोणीतरी फोनवर आलेला मेसेज दाखवतं की ही शुगरची गोळी गरोदरपणात खाल्ली तर पोटातल्या मुलग्याला मोठेपणी मूल होत नाही, उंदरांवर सिद्ध झालंय. घरात चर्चा होते, डॉक्टर मॅडमना कशाला विचारायचं म्हणून गोळी गुपचूप बंद होते, आणि सकाळची पेज, दुपारचा भात, रात्रीचा भात तसाच चालू राहतो. या गुपचूप बंद करण्याची मला खरंच भीती वाटते, म्हणून हे लिहितेय. पण त्या घरातल्यांनी विचारलेला प्रश्न चांगला आहे, शास्त्रज्ञांनीही तोच विचारलाय आणि त्यावर काम झालंय.

प्रश्न का पडतो ते बघा. इन्शुलिनचा रेणू मोठा असतो, तो वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडे जवळजवळ जातच नाही. मेटफॉर्मिन लहान आहे, ते सहज पलीकडे जातं, बाळंतपणाच्या वेळी नाळेतलं रक्त तपासलं तर त्यात ते साधारण आईच्या रक्ताएवढंच सापडतं. शिवाय शरीर त्याला मोडत नाही, ते जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. आणि त्याचं काम पेशीच्या आत, जिथे ऊर्जा तयार होते त्या मायटोकाँड्रियावर चालतं. म्हणजे आईच्या लिव्हरमधून येणारी साखर कमी करायला घेतलेलं औषध बाळाच्या वाढणाऱ्या पेशींनाही भेटतं.

आता मूल होण्याची तयारी वयात आल्यावर सुरू होते असं आपण धरून चालतो, पण तिचा पाया पोटातच घातला जातो. मुलीच्या आयुष्यभराच्या बीजपेशी जन्माआधीच तयार झालेल्या असतात, विसाव्या आठवड्याच्या आसपास ६०-७० लाख, जन्माला येईपर्यंत १०-२० लाख उरतात आणि नंतर नवीन काही भर पडत नाही. मुलग्याचं वेगळं आहे, शुक्राणू वयात आल्यावर बनायला लागतात, पण त्यांना सांभाळणाऱ्या ज्या सर्टोली पेशी असतात त्यांची संख्या वाढायला पोटातच सुरुवात होते. एक सर्टोली पेशी ठराविकच शुक्राणू पोसू शकते. लावणीला जेवढी माणसं येतील तेवढंच शेत दिवसात लागून होतं, तसं हे आहे. या पेशी कमी पडल्या तर मोठेपणी शुक्राणूंची संख्याही कमी राहू शकते.

फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हेच तपासलं. गाभण उंदरीणींना मेटफॉर्मिन दिलं तर पोटातल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या नर पिल्लांचे वृषण थोडे लहान निघाले, सर्टोली पेशी थोड्या पण नक्की मोजता येतील इतक्या कमी होत्या, बीजपेशींची संख्या मात्र तेवढीच होती. त्यांनी माणसाच्या गर्भाच्या वृषणाचे तुकडेही प्रयोगशाळेत वाढवून त्यावर औषध टाकलं, तेव्हा टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी झालं. मेसेजमध्ये फिरतं ते हेच, आणि ते खरंच छापून आलेलं आहे, कोणी रचलेलं नाही. फक्त त्या तुकड्यांवर टाकलेलं औषध गोळ्या घेणाऱ्या बाईच्या रक्तात असतं त्याच्या बरंच वर होतं, हे मेसेजमध्ये नसतं.

मग माणसांच्या मुलांचं काय? फिनलंडमध्ये तुर्कू इथे डॉक्टरांनी गरोदरपणातल्या डायबेटिसच्या आयांचे पन्नासेक मुलगे तपासले, साधारण पाचेक वर्षांचे, अर्ध्यांच्या आयांनी मेटफॉर्मिन घेतलेलं आणि अर्ध्यांच्या आयांनी इन्शुलिन. वृषणांचं माप सोनोग्राफीनेसुद्धा घेतलं, फरक दिसला नाही. २०१६ चा अभ्यास आहे. मुलं थोडीच होती आणि मापावरून पुढचे शुक्राणू कळत नाहीत हे मान्य, तरी उंदरात दिसलेली गोष्ट त्यांच्यात दिसली नाही हे महत्त्वाचंच आहे. मुलींसाठी फिनलंडच्याच सरकारी नोंदींवरून मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, जवळजवळ १० हजार मुलं, अकरा वर्षांपर्यंतची, त्यात पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार), लठ्ठपणा, डायबेटिस यातलं काहीही मेटफॉर्मिनमुळे इन्शुलिनपेक्षा जास्त आढळलं नाही. यात मला एकच खटकतं की पीसीओएस, ज्याला आपल्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात, ते बहुतेक वेळा पाळी सुरू झाल्यावर कळतं, अकराव्या वर्षी नाही. त्यामुळे तेवढ्यापुरतं मी ते निकाल जपून वाचते.

कधी घेतली हेही बघायला हवं. मुलग्याचे अवयव मुलग्यासारखे घडण्याचा नाजूक काळ साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्याचा. गरोदरपणातला डायबेटिस बहुतेकींना चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात सापडतो आणि आपल्या केंद्र सरकारच्या नियमावलीतही मेटफॉर्मिन विसाव्या आठवड्यानंतरच सुरू करायचं असं आहे, त्याआधी गरज लागली तर इन्शुलिन. म्हणजे तोवर तो काळ मागे गेलेला असतो. पण पीसीओडीसाठी ज्या मुली आधीपासूनच ही गोळी घेत असतात आणि दिवस राहिल्यावरही चालूच ठेवतात, त्यांचं गणित वेगळं, त्यांनी पहिल्याच तपासणीला हे मुद्दाम सांगावं.

आता दुसरी बाजू, जी मेसेजमध्ये कधीच नसते. वाढलेली साखर वार सहज ओलांडते. पेडरसन नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी १९५२ मध्येच मांडलं होतं की आईची साखर बाळात जाते, मग बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन बनवतं आणि बाळ नको तेवढं फुगतं. अडलेली प्रसूती, जन्मल्या जन्मल्या साखर घसरणं, पुढे लठ्ठपणा, हे सगळं त्यातून येतं. आणि मुलग्यांच्या बाबतीत तर फिनलंडच्याच २००६ च्या अभ्यासात सौम्य डायबेटिस असलेल्या आयांच्या मुलग्यांमध्ये वृषण खाली न उतरण्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि न उतरलेलं वृषण हे पुढे मूल न होण्याचं नेहमीचं कारण आहे. म्हणजे नातवंडांच्या काळजीने गोळी बंद केली आणि साखर २०० वर गेली तर ज्याची भीती होती त्याच दिशेने आपण चाललो.

मला मेटफॉर्मिनबद्दल खरी काळजी आहे ती वेगळीच. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात गरोदरपणातल्या डायबेटिसच्या ७५१ बायकांवर मेटफॉर्मिन की इन्शुलिन अशी मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आले, बाळांना त्रास इन्शुलिनपेक्षा जास्त नव्हता. पुढे ऑकलंडमधली मुलं नऊ वर्षांची झाल्यावर मोजली तर मेटफॉर्मिनवाल्या मुलांचं वजन आणि कंबर थोडी जास्त निघाली. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं दिसायला किरकोळ पण आतून चरबी जास्त असलेली जन्मतात. त्यात आणखी भर पडली तर वाढलेल्या कंबरेचा पाळीशी आणि शुक्राणूंशी संबंध आहेच. इकडे या मुलांची उंची-वजन-कंबर नियमित बघायला हवी असं मला वाटतं.

मग सगळ्यांना इन्शुलिनच का नाही द्यायचं? कागदावर ठीक आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. इन्शुलिनचा साठा २ ते ८ डिग्रीत ठेवावा लागतो. वापरात असलेली बाटली महिनाभर फ्रिजबाहेर चालते, पण मे महिन्याच्या उकाड्यात तेही धड नाही, आणि दिवसातून तीन-चारदा टोचून घ्यायचं, तेही बरोबर मोजून. गोळी डब्यात राहते, स्वस्त आहे, वादळातही चालते. त्या ७५१ बायकांच्या चाचणीत मेटफॉर्मिन घेणाऱ्या ४६ टक्के बायकांना शेवटी वरून इन्शुलिन लागलंच, त्यामुळे डॉक्टरांनी तसं सांगितलं तर गोळी फुकट गेली असं समजू नका.

आणि दोन्हीच्या आधी जेवण. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली की नियमावलीप्रमाणे आधी दोन आठवडे खाण्यावरच लक्ष द्यायचं असतं, जेवणानंतर दोन तासांनी ती १२० च्या खाली आली तर औषधच लागत नाही. आपल्याकडे भात कमी करायचा म्हणून नाचणीच्या भाकऱ्या पोटभर देतात, पण नाचणीतही पिष्ट भरपूर असतं, तीही मोजूनच. बांगडा, तारली, कुळथाचं पिठलं, पालेभाजी यांनी ताट भरा आणि भात एक वाटी.

शेवटी नोंदीबद्दल. अमेरिकेत १९४० पासून गर्भपात टाळायला डीईएस नावाचं हार्मोन लाखो बायकांना दिलं गेलं, १९७१ मध्ये त्यांच्या तरुण मुलींमध्ये दुर्मिळ कॅन्सर दिसला, मग गर्भधारणेच्या अडचणीही. मेटफॉर्मिनबद्दल तसं काही दिसलेलं नाही. पण तेव्हा कितीतरी मुलींना आपल्या आईने काय घेतलं होतं हेच कळू शकलं नाही, कागद शिल्लक नव्हते. न्यूझीलंडच्या चाचणीतली पहिली मुलं आता कुठे विशीत आलीत, त्यांच्याकडून खरं उत्तर पुढच्या काही वर्षांत मिळेल. तेव्हा तुमच्या मुलाने विचारलं तर सांगता यायला हवं. माता-बाल कार्डावर गोळी कितव्या आठवड्यात सुरू झाली, ५०० ची दिवसाला किती, इन्शुलिन कधी जोडलं, साखर किती राहिली, हे नर्सताईंकडून लिहून घ्या आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा, पावसाळ्यात कपाटातल्या कागदांना बुरशी येतेच.