चोर्ल्याच्या उतारावर सांडणारं पेट्रोल

बेळगावहून गोव्याकडे चोर्ला घाट उतरताना पुढच्या ट्रकच्या ब्रेक लायनरचा करपट वास येतो ना, तो खरं तर चढताना जाळलेल्या इंधनाचा वास. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर. 1,300 किलोची गाडी 700 मीटर वर न्यायला चाकापाशी सुमारे 90 लाख ज्यूल, म्हणजे अडीच युनिट ऊर्जा लागते. पेट्रोल इंजिन इंधनातली जेमतेम तीस टक्के ऊर्जा कामाला लावतं. म्हणजे निव्वळ उंचीपायी जवळपास एक लिटर गेलं. उतरताना ती कमाई ब्रेक तापवण्यात संपते.

हायब्रीड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली, इथेच वेगळी. ब्रेक दाबला की तिची मोटर उलट जनरेटर होते आणि बॅटरी भरते. मग घाट म्हणजे हायब्रीडची पर्वणीच? तसंही नाही. टायरचं घर्षण, हवेचा विरोध आणि रूपांतरातली गळती वजा केली, तरी अडीचातलं युनिटभर हाती लागू शकतं. पण प्लग न लावता चालणाऱ्या हायब्रीडची बॅटरी बहुधा तेवढीच किंवा त्याहून लहान असते, शिवाय आयुष्य टिकावं म्हणून ती पूर्ण भरतही नाहीत, पूर्ण रिकामीही करत नाहीत. पायथा यायच्या आधीच बॅटरी ‘बस्स’ म्हणते. गावात गणित जमतं: 60 च्या वेगावरून थांबताना मिळतो फार तर युनिटचा विसावा हिस्सा, ते आरामात मावतं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर इंजिन बंद, हा वरचा फायदा.

मग छोट्या, चपळ, महागड्या गाडीत हायब्रीड द्यावं का? माझं मत: द्यावं, पण ॲव्हरेजसाठी नव्हे, पिकअपसाठी. मोटरचा पूर्ण जोर शून्य आरपीएमपासून (मिनिटाला फेरे) मिळतो. होंडा सिटी हायब्रीडची मोटर 253 न्यूटन-मीटर जोर (टॉर्क) देते. साध्या सिटीचं पेट्रोल इंजिन 145, तेही 4,300 आरपीएमला. वळणातून बाहेर पडताना हा फरक पाठीला कळतो.

किंमत मात्र वजनात मोजावी लागते. सिटी हायब्रीड साध्या सिटीपेक्षा शंभराहून जास्त किलो जड, आणि डिकी 506 लिटरची 306 झाली. (कुंद्याचे डबे मावतील, पाहुण्यांच्या बॅगांचं बघा.) होंडानेच 2010 मध्ये सीआर-झेड आणली होती: हायब्रीड, दिसायला स्पोर्टी, वर सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. पण मोटर अगदीच छोटी. गाडी ना धड काटकसरी झाली, ना धड तुफान.

खरी परीक्षा परतीला. चढणीवर बॅटरीतलं वापरता येणारं अर्धं-पाऊण युनिट काही वळणांत संपतं, मग सगळा भार इंजिनावर आणि ते एका सुरात ओरडत राहतं. म्हणून हायब्रीड घ्यायचीच असेल तर टेस्ट ड्राइव्ह हायवेवर नको. चार माणसं बसवून, एसी लावून, चोर्ला चढून बघा.