उन्हाळ्यात आवळणारी धाव

बंडीच्या चाकाला धाव, म्हणजे बाहेरचा लोखंडी पट्टा, चढवताना पाहिली आहे कधी? आमच्या यवतमाळकडे आता हे क्वचितच दिसतं. गोवऱ्यांच्या आगीत लोखंडी धाव लाल होते, तिघंजण सांडशीनं उचलून ती लाकडी चाकावर बसवतात, दोन-चार घण पडतात आणि लगेच बादल्या ओतल्या जातात. चर्र! वाफेआड चाक दिसत नाही, फक्त आरे करकरलेले ऐकू येतात. धाव चाकापेक्षा मुद्दाम लहान घडवलेली असते. पावणेचार मीटर घेराची धाव 500 अंशांनी तापली, तर घेर सव्वादोन सेंटिमीटर वाढतो. सगळा खेळ तेवढ्या जागेचा.

तापलं की फुगायचं, ही लोखंडाची रीत. झिर्कोनियम, टंगस्टन आणि ऑक्सिजन यांचं एक संयुग, झिर्कोनियम टंगस्टेट, उलटं वागतं. अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठातले आर्थर स्लाइट, टी. ए. मेरी आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं, की निरपेक्ष शून्याजवळपासून (उणे 273 अंश सेल्सिअस, याहून गार काही नाही) थेट 777 अंश सेल्सिअसपर्यंत ते आकसतच जातं, आणि सगळ्या बाजूंनी सारखं.

असं का? पोळ्याचं तोरण आठवा. दोन बल्ल्यांना बांधलेली दोरी मधोमध धरून हिसडली, की बल्ल्या आत झुकतात. दोरी काही लांब होत नाही. या पदार्थात झिर्कोनियम आणि टंगस्टन या बल्ल्या, मधला ऑक्सिजन म्हणजे दोरी. उष्णता वाढली की ऑक्सिजन आडवा झुलतो आणि दोन्ही टोकं जवळ ओढली जातात. लोखंडात अणू खेटून बसलेले, तिथे झुलायला जागाच नाही. इथे रचना पोकळ आहे, म्हणून हे जमतं.

खरी गंमत पुढे आहे. आकसणं किती हवं, ते रसायनशास्त्रज्ञ अणू बदलून ठरवू शकतात. स्कँडियम टंगस्टेट तापल्यावर आकसतं, अ‍ॅल्युमिनियम टंगस्टेट किंचित फुगतं. स्कँडियमच्या काही जागांवर अ‍ॅल्युमिनियम बसवत गेलं, की आकसणं कमी कमी होतं आणि एका मिश्रणाला जवळजवळ शून्यावर येतं. भाजीत तिखट-मीठ चाखत घालावं तसं. मँगनीजच्या काही नायट्राइडांचं, म्हणजे नायट्रोजन असलेल्या संयुगांचं, वेगळंच: तापवताना ती एका ठराविक तापमानाला झटक्यात आकसतात, कारण त्यांच्यातली चुंबकीय मांडणी तिथे बदलते. जपानमध्ये 2005 साली त्यांत जर्मेनियम मिसळलं, तर तोच झटका बऱ्याच अंशांवर पसरून संथ उतार झाला. मला हे जास्त हुशारीचं वाटतं.

इंडक्शन शेगडीची काळी काच हा याचाच घरगुती भाऊबंद. तिच्यातले बारीक स्फटिक आणि उरलेली काच एकमेकांचं आकसणं-फुगणं फेडतात, म्हणून तापल्या काचेवर गार पाणी सांडलं तरी ती सहसा तडकत नाही.

हे सगळं गावातल्या एका म्हाताऱ्या मामांना सांगितलं. मे महिन्यात लाकूड वाळतं, धाव ढिली पडते, मग चाकं नाल्यात भिजत घालावी लागतात. ते त्यांनी जन्मभर केलेलं. ते म्हणाले, ‘‘मंग तसलीच धाव काऊन नाई बसवत बाप्पा? उन्हात आवळंन.’’

आवळेल खरी. पण झिर्कोनियम टंगस्टेट कपबशीसारखंच ठिसूळ. नाल्यातला पहिला धोंडा लागला, की मामांना धावेचे तुकडे वेचावे लागतील.