फर्निचरमधील ‘संकल्पना’ आणि प्लायवुडची आठ बाय चारची शीट : पार्श्वभूमी

नागपुरात आज फर्निचरची ‘संकल्पना’ ठरवणे याचा अर्थ बहुतेकदा मोबाइलवरचे छायाचित्र सुताराला दाखवणे आणि सनमायकाचा रंग निवडणे एवढाच उरला आहे. डिझाइनच्या शिक्षणात हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. वस्तू कोण, कुठे, कशासाठी आणि किती वर्षे वापरणार, याचा विचार करून तिच्या घडणीतून दिलेले उत्तर म्हणजे संकल्पना, असे तेथे मानले जाते. हा अर्थ आपल्याकडे रुजण्यास १९५८ मधील एक अहवाल बराचसा कारणीभूत आहे. सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या एका अमेरिकन दांपत्याने त्यात साध्या लोट्याचे कौतुक करताना, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, ओतताना तोल कसा राहतो, आतून-बाहेरून घासायला कसा, अशा प्रश्नांची माळच लावली होती. त्यानंतर १९६१ मध्ये अहमदाबादेत डिझाइनची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

याच कसोटीवर विदर्भातील निवारीचा, म्हणजे जाड सुती पट्टीने विणलेला पलंगही उतरतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या नागपुरात रात्री तो गच्चीवर न्यायचा असे, म्हणून तो दोघांना उचलता येईल इतका हलका. पाठीला खालून वारा लागावा म्हणून विणीचा. आणि निवार सैल पडली की पायथ्याची दोरी ओढून घरच्या घरी ताणता येणारा. सागाची परंपरा तर सर्वांना ठाऊकच आहे. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या आणि नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचे नाव १९५० मध्ये नकाशावरून गेले, तरी लाकडाच्या बाजारात चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग अजून ‘सीपी’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) म्हणूनच ओळखला जातो.

सागाची जागा प्लायने का घेतली, यावरचा खरा वाद आहे तो १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाविषयी. ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरून न्यायालयाने केंद्राच्या पूर्वपरवानगीविना जंगलात चालणाऱ्या आरागिरण्या आणि प्लायवुडचे उद्योग थांबवले, मंजूर कार्य आयोजनेबाहेरची (वनाच्या व्यवस्थापनाच्या सरकारी आराखड्याबाहेरची) वृक्षतोड रोखली आणि ईशान्येकडील सात राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यास बंदी घातली. त्या आदेशाने सागवान संपवले आणि घरोघरी प्लाय आणला, असे लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात, अजूनही सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाला हे अर्धेच पटते. मंजूर आयोजनेनुसार तोडीला मुभा होतीच, बल्लारपूरच्या डेपोत सागाचे लिलाव आजही होतात आणि नागपुरात मुख्यालय असलेले राज्याचे एक महामंडळ १९७४ पासून सागाची लागवड करीत आले आहे. प्लायवुडच्या कच्च्या मालाचा मार्ग मात्र नक्कीच बदलला, कारण ईशान्येचे लाकूड अडल्यावर पंजाब-हरियाणाच्या शेतांतील पॉप्लर आणि निलगिरी यांवरचा भार वाढला. शिवाय ओले-कोरडे हवामान सोसण्यात प्लाय सरस ठरतो. मे महिन्यात अलगद सरकणारा भरीव लाकडाचा ड्रॉवर जुलैत हिसका दिल्याशिवाय उघडत नाही, हे ज्याने भोगले आहे, त्याला प्लायकडे वळायला न्यायालयाच्या आदेशाची गरज नव्हती.

या वादात एक गोष्ट नेहमी सुटते. प्लायबरोबर आठ बाय चार फुटांची शीट आली आणि घरातल्या वस्तूंची मापे तीच ठरवू लागली. शीट लांबीत मधोमध चिरली की दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघतात, म्हणून आलमारीची खोली दोन फूट. हँगरला तेवढी जागा पुरते, हा सोयीचा योगायोग. बसण्याच्या दिवाणाखाली पेटी आली, तीत जास्तीच्या रजया मावल्या. पण खालचा वारा बंद झाला आणि दिवाण जागचा हलेना. जुन्या पलंगाचे कुसू (खाचेत बसणारी लाकडाची टोके) ठोकून काढता-बसवता येत असे; प्लायच्या कडेत शिरलेला स्क्रू दोनदा काढला की तिसऱ्यांदा धरत नाही, त्यामुळे भाड्याचे घर बदलताना फटका बसतो तो वापरणाऱ्यालाच. त्यातच आलमारीचा दर समोरच्या चौरस फुटांवर ठरतो, म्हणजे विचार करण्यात गेलेल्या दिवसाचा मोबदला सुताराला कुठेच मिळत नाही.

अलीकडच्या घडामोडी वेगाने झाल्या. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली, त्यामुळे बर्मा सागाची वाट अरुंद झाली. २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी नागपूरचा साग वापरल्याचे जाहीर झाले, तेव्हा ‘सीपी’चा भाव वधारल्याच्या गप्पा रंगल्या, त्या सागाची घडण कशी झाली, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. बांबूची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १९२७ च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ गणला जात होता. २०१७ च्या दुरुस्तीने तो त्या व्याख्येतून वगळला आणि वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू तोडून नेणे सोपे झाले. बांबूला शीट नसते. तो गोल, पोकळ, पेरापेरांचा असतो आणि सांधा पेराजवळ घेतला नाही तर फाटतो. त्यामुळे त्याच्या वस्तूची आखणी दोन फुटांच्या पट्टीवरून करता येत नाही, ती पेरापासून सुरू करावी लागते. तरीही बांबूचा सोफा मागणारे गिऱ्हाईक अजून थ्री प्लस वन प्लस वन (एक तिघांचा, दोन एकेकट्याचे) असाच हिशेब सांगते.