मामा दिसला की हेल्मेट डोक्यावर

पुण्यात कुठल्याही मोठ्या सिग्नलला दोन मिनिटं उभं राहून बघा, हेल्मेट असतंच बऱ्याच जणांकडे, फक्त डोक्यावर नसतं. कोपरात अडकवलेलं, आरशावर टांगलेलं, टाकीवर ठेवलेलं. पुढच्या चौकात मामा दिसला की ते असं झटकन डोक्यावर चढतं की बघत राहावं, आणि चौक ओलांडला की परत कोपरात. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी सक्ती कडक केली तेव्हा तर इथे सक्तीविरोधात आंदोलनं झाली.

यावर "आपले लोकच तसले" असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही, कारण व्हिएतनामचे लोकही तसलेच होते. तिथे रस्त्यावर मोटरसायकलींचा नुसता पूर, आणि हेल्मेटला लोक चेष्टेने भाताचा कुकर म्हणायचे. मग सरकारने काही महिने आधी सांगून ठेवलं आणि १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर सक्ती केली, दंड वाढवला, पोलीस खरंच उभे केले. थोड्याच दिवसांत मोठ्या शहरांत ९० टक्क्यांहून जास्त लोक हेल्मेट घालून फिरायला लागले! पहिल्या तीन महिन्यांत हॉस्पिटलांमधून जी आकडेवारी गोळा केली त्यात डोक्याला मार लागण्याचा धोका १६ टक्क्यांनी आणि मरण्याचा १८ टक्क्यांनी कमी झालेला दिसला.

हे कसं झालं? दंड किती यापेक्षा आपण पकडले जाणार का, हे माणसाला जास्त थांबवतं. गुन्हे आणि शिक्षेवर लिहिणाऱ्या इटलीच्या बेकारिया नावाच्या विचारवंताने १७६४ मध्येच हे लिहून ठेवलं होतं आणि नंतरच्या संशोधनातही साधारण तेच दिसत आलंय. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीत हेल्मेटचा दंड १०० वरून १००० झाला, पण सहा महिन्यांत एकदा पावती फाटणार असेल तर डोकं आपोआप भागाकार करतं आणि रोजचे पाच-सहा रुपये म्हणजे काहीच नाही असं उत्तर काढतं.

दुसरी गोष्ट म्हणजे चारचौघं. व्हिएतनाममध्ये सगळ्यांनी एकाच दिवशी घातलं त्यामुळे उघडं डोकं विचित्र दिसायला लागलं. आमच्याकडे उलटं, कोपऱ्यावर दूध आणायला हेल्मेट घालून निघालो तर सोसायटीतले काका विचारतात, "काय रे, लांब चाललास का?"

आणि कायद्याचं एक मजेशीर लफडं असतं, तो नेम एकीकडे धरतो आणि लागतो भलतीकडेच. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये विनाहेल्मेट दिसला की जागेवर दंड सुरू झाला. तिथे १९८० साली साधारण दीड लाख मोटरसायकली चोरीला गेल्या होत्या, १९८६ पर्यंत आकडा ५४ हजारांवर आला. चोर काय सुधारले नव्हते. पण बरीचशी चोरी ही प्लॅन करून होत नाही, उभी गाडी दिसली, मोह झाला, उचलली असं असतं, आणि आता मोह झाला तरी हातात हेल्मेट हवं ना, नाहीतर पुढच्याच चौकात पोलीस थांबवणार. बरं, या काळात कारच्या चोऱ्या वाढल्या पण अगदी थोड्या, म्हणजे बाइकवाले चोर सगळे कारकडे वळले असंही नाही.

तरी नुसतं डोक्यावर असून भागत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा की हेल्मेटमुळे मरण्याचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो, पण फुटपाथवरचं हलकं हेल्मेट पट्टा न लावता घातलं तर ते पडताना तुमच्या आधी उडतं. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. पण मामाला लांबून ना मार्क दिसतो ना पट्टा, त्याला दिसतं फक्त डोक्यावर काहीतरी आहे एवढंच, आणि आपण नेमकं तेवढंच करतो.

व्हिएतनामचं घोडंही इथेच अडलं होतं. १४ वर्षांखालच्या पोरांना दंड नव्हता, त्यात हेल्मेटच्या वजनाने मुलांची मान दुखावते अशी अफवा, मग आईबाप हेल्मेटमध्ये आणि मधे बसलेलं पोर तसंच. शेवटी २०१० मध्ये पोराच्या उघड्या डोक्याचा दंड गाडी चालवणाऱ्याला लावला. आपल्या कायद्यात चार वर्षांवरच्या सगळ्यांना हेल्मेट आहे. सकाळी सातला कुठल्याही शाळेच्या गेटवर जाऊन मोजा.