महापुरानंतरचा पंचनामा: नाव कसं लागतं, कागद कोणते, आणि राहून गेलं तर काय करायचं

पाणी ओसरून घरी परतलं की पहिला हात झाडूकडे जातो. तो थोडा वेळ थांबवा. भिंतीवर चिखलाची जी रेघ उमटलेली असते, तोच तुमच्या नुकसानीचा पहिला पुरावा. रेघ, दाराची चौकट आणि घर नंबर एकत्र दिसेल असा फोटो काढा. भिजलेलं धान्य, फुगलेली गादी, कपाट यांचेही काढा आणि मग घर धुवा. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांनी आधी सगळं स्वच्छ केलं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दाखवायला ओली भिंत तेवढी उरली होती.

नोंद दोन ठिकाणी होते, हे आधी लक्षात घ्या. पहिली निवारा केंद्रात. तिथल्या वहीत घरातली माणसं किती, लहान मुलं, गरोदर बाई, अपंग व्यक्ती, रोजची औषधं लागणारे म्हातारे, हे सगळं सांगून लिहून घ्या. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी संपली असेल तर तेही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषांप्रमाणे केंद्रात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला किमान ३ लिटर पिण्याचं पाणी आणि ३० माणसांमागे एक शौचालय असायला हवं, बायकांसाठी वेगळं. ही सोय वहीतल्या आकड्यांवरून होते, म्हणून कुणाचंही नाव सुटता कामा नये.

आणि जे केंद्रात न जाता पाहुण्यांकडे गेले, त्यांचं काय? पूर आला की निम्मं गाव लेकीकडे, मेव्हण्याकडे जातं, आणि हीच माणसं नोंदीतून सुटतात. कुठे गेलात, किती जण आहात, हे तलाठ्याला (आताचे ग्राम महसूल अधिकारी) किंवा ग्रामसेवकाला (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) फोन करून कळवा. शहरात असाल तर महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वॉर्डातल्या कर्मचाऱ्याला सांगा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

दुसरी नोंद म्हणजे घरी येऊन केलेला पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि शेतीसाठी कृषी सहायक (आताचे सहायक कृषी अधिकारी) एकत्र फिरतात, जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकारीही लागतात. त्या वेळी घरातलं एक जाणतं माणूस हजर ठेवा. लिहिलेलं वाचून घ्या, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, आणि सही झालेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

मदत किती? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर असे: मृताच्या वारसांना ४ लाख रुपये. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,०००. झोपडी पडली किंवा तिचं नुकसान झालं तर ८,००० रुपये. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५००, भांड्यांसाठी २,५००. दुभती गाय किंवा म्हैस ३७,५००, शेळी-मेंढी ४,०००. पिकासाठी किमान ३३ टक्के नुकसान लागतं. राज्य सरकार वेळोवेळी यात आपली भर घालतं, म्हणून तुमच्या वेळचा शासन निर्णय तहसीलमध्ये विचारा.

कपडे-भांड्यांची मदत ‘कुटुंबाला’ असते, आणि वाद होतो तो या शब्दावर. एकाच छपराखाली दोन भाऊ, दोन चुली. रेशन कार्ड वेगळं असेल तर वेगळं कुटुंब म्हणून नोंद करून घेणं सोपं जातं. एकच असेल तर चूल वेगळी असल्याचं पंचांसमोर सांगून तसं लिहून घ्या. भाडेकरूंनी गप्प बसू नये. घराची मदत मालकाची, पण वाहून गेलेला संसार तुमचा. भाडेकरार नसेल तर त्या पत्त्यावरचं वीजबिल, गॅसचं पुस्तक दाखवा. घराच्या मदतीसाठी बांधकाम अधिकृत असावं लागतं. अतिक्रमणातल्या घरांना अडचण येते ती इथे, तरी नुकसानीची नोंद करून घ्याच.

कागद फारसे नाहीत: आधार, रेशन कार्ड, आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक, घराचा नमुना ८ चा उतारा किंवा घरपट्टीची पावती. शेतीला सातबारा, ८अ आणि शेतकरी ओळख क्रमांक. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. मृत्यू झाला असेल तर मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि वारसांची कागदपत्रं.

कागदच वाहून गेले तर? खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, घरंच्या घरं मातीखाली गेली. तिथल्या माणसाकडे उतारा मागायचा कुठून? कागद नाहीत म्हणून पंचनामा थांबत नाही. नाव, पत्ता, नुकसान आधी लिहून घ्यायला सांगा. रेशन कार्डाची दुसरी प्रत तहसीलच्या पुरवठा शाखेत मिळते, घराचा उतारा ग्रामपंचायतीत, आणि आधार कार्ड आधार सेवा केंद्रावर. आमच्या गल्लीतली एक आजी आता पावसाळा लागला की रेशन कार्ड आणि पासबुक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून, गाठ मारून देव्हाऱ्याशेजारी उंच खुंटीला टांगते.

मदतीची यादी लागली आणि नाव नाही, किंवा नुकसान कमी लिहिलंय, तर तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करा. फोटो, पंच किंवा शेजाऱ्यांची नावं, आधारची प्रत जोडा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. तोंडी सांगितलेल्याचा पुढे कुणाला पत्ता लागत नाही. तिथे काम झालं नाही तर जिल्हाधिकारी कार्यालय, आणि पंचनाम्याची प्रत हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. नाव यादीत असूनही पैसे आले नाहीत, तर बहुतेक वेळा खातं आधारशी जोडलेलं नसतं किंवा ई-केवायसी राहिलेलं असतं. आधी बँकेत, मग आपले सरकार सेवा केंद्रात विचारा.