शेळीची जाणीव (कोठा, वाहतूक आणि कत्तल)

शेळीला कोठ्यापासून (गोठ्यापासून) कत्तलीच्या ओट्यापर्यंत काय दिसते, काय ऐकू येते आणि ती कशाला बिचकते, याची ही नोंद आहे. नागपूर जिल्ह्यात बेरारी शेळी मोठ्या प्रमाणावर पाळली जाते, म्हणून उदाहरणे तिचीच घेतली आहेत. गायीच्या कत्तलीवर महाराष्ट्र पशुसंरक्षण कायदा १९७६ ने बंदी होतीच. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही तिच्यात आले. त्यामुळे इथे मांसासाठी कापल्या जाणाऱ्या गुराढोरांत शेळी-मेंढी आणि म्हैसवर्गच उरतो.

शेळीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि बाहुली आडवी, चौकोनी असते. त्यामुळे मान न वळवता तिला जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त पाठीमागची एक अरुंद पट्टी सुटते. मात्र एवढा घेर मिळताना खोलीचा अंदाज कमी पडतो. पायाखालची पायरी, नाली किंवा सावली तिला मान खाली घालून निरखावी लागते. गाडीच्या फळीपाशी शेळी थबकते आणि नाक जमिनीला लावते, तेव्हा ती अडून बसलेली नसते. फळीवरून पाय घसरेल का, हे बघत असते. तेवढा वेळ दिला की बहुतेक वेळा ती आपणहून चढते. त्याच क्षणी मागून काठी बसली, तर फळी आणि मार यांची सांगड तिच्या डोक्यात पक्की होते आणि पुढच्या खेपेला ती लांबूनच पाय रोवते.

माणसाचे कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतात, शेळीचे ३५ हजारांच्याही पुढे. शटरचा करकराट, साखळीचा खणखणाट आणि शिट्टी तिला आपल्यापेक्षा फार जास्त टोचतात.

कोठ्यात तिची गरज साधी असते: कोरडी जमीन, ओळखीचा कळप आणि तोंडाच्या उंचीवर चारा. शेळी खुडून खाणारी आहे. बोर, बाभूळ, सुबाभूळ यांचा पाला ती मान वर करून खाते. तुरीचे कुटार (भुसा) जमिनीवर टाकले आणि त्यावर पाय पडले, तर उपाशी राहील पण तोंड लावणार नाही. म्हणून गव्हाण जमिनीपासून दीड फूट उचललेली हवी. मोठ्या शेळीला छपराखाली १० ते १२ चौरस फूट जागा लागते. कोठ्याची हवा उभ्याने तपासू नये. उकिडवे बसून नाक शेळीच्या उंचीवर न्यावे. डोळे चुरचुरले, तर मुताचा अमोनिया साचला आहे. रात्रभर तिथे बसणाऱ्या करडांना खोकला लागतो तो यामुळेच.

आई पिल्लाला पहिल्या काही तासांत वासावरून ओळखू लागते आणि नंतर आवाजावरूनही. कळपातून एकटी काढलेली शेळी सतत ओरडते. एकटेपणा हा तिच्या भीतीचा सर्वांत मोठा भाग आहे, आणि तो टाळायला पैसे लागत नाहीत: विकायच्या बोकडासोबत त्याच कळपातला दुसरा न्यावा. अनोळखी बोकड एकत्र कोंबले, तर गाडीतच टकरा होतात.

वाहतुकीचे १९७८ चे नियम साडेचार ते पाच टनांच्या एका मालवाहू गाडीत ४० हून अधिक शेळ्या-मेंढ्या नेऊ देत नाहीत. तळाशी किमान ५ सेंमी पेंढा सांगतात आणि पाय बांधायला मनाई करतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी पत्र्याच्या गाडीतली दुपार शेळी मरायला पुरेशी ठरते. गाडी पहाटे काढावी. शिंगे, कान किंवा पाठीचे केस धरून ओढू नये. कातडीखाली रक्त साकळते आणि तो भाग सोलताना काळानिळा निघतो. एक हात हनुवटीखाली आणि दुसरा पुठ्ठ्यावर (मागच्या भागावर) ठेवला की शेळी चालते.

कत्तलखान्याच्या २००१ च्या नियमांनुसार गाभण शेळी, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली शेळी आणि तीन महिन्यांच्या आतले करडू कापता येत नाही. एका जनावरासमोर दुसरे कापायलाही मनाई आहे. हा शेवटचा नियम छोट्या दुकानांत सर्वाधिक मोडला जातो, आणि एक गोणपाटाचा पडदा लावला तरी तो पाळता येतो. ओलसर, चमकणारी फरशी, नालीची जाळी, वाऱ्याने हलणारा कपडा आणि उजेडातून अंधाराकडे जाणारी वाट यांना शेळी बिचकते. आत दिवा लावावा, फरशी खरबरीत ठेवावी. चारा १२ तास आधी थांबवावा, म्हणजे पोट काढताना फुटत नाही. पाणी मात्र शेवटपर्यंत समोर असावे.

सुरीचे पाते मानेच्या रुंदीच्या दुप्पट लांब आणि दाते न पडलेले हवे. बोथट पाते करवतीसारखे पुढेमागे न्यावे लागते आणि वेदना तिथेच वाढते. हलाल पद्धतीत दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या एकाच ओढीत कापल्या जाव्या लागतात. झटका पद्धतीत एका घावात मान तुटावी लागते. नीट कापलेल्या शेळीची शुद्ध साधारण २ ते १४ सेकंदांत जाते. म्हशीला जास्त वेळ लागू शकतो, कारण तिच्या मेंदूला मणक्यालगतच्या धमन्यांतूनही रक्त मिळत राहते. नंतर पाय झाडणे ही प्रतिक्षिप्त क्रिया असते, पण डोळ्याला बोट लावल्यावर पापणी मिटली किंवा श्वास लयीत चालू असला, तर सोलायला हात लावू नये.

भीतीचा हिशेब मांसात उमटतो. घाबरलेल्या, दमलेल्या जनावराच्या स्नायूंतला ग्लायकोजन (साठवलेली साखर) संपतो, त्यामुळे पुरेसे आम्ल तयार होत नाही. चांगल्या मटणाचा अंतिम सामू (पीएच, आम्लतेचे माप) ५.५ ते ५.८ असतो, तो ६ च्या वर राहिला की मांस गडद, कोरडे आणि चिकट होते आणि लवकर खराब होते. धुळवडीला आणि पोळ्याच्या करीला (सणाच्या दुसऱ्या दिवशी) मागणी एकदम चढते, रात्री उतरवलेले बोकड विश्रांतीशिवाय पहाटे कापले जातात आणि असे गडद मटण त्याच दिवसांत जास्त निघते.