98 टक्के, पण कशाचे?

बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला आणि पडद्यावर 98 आलं की आपण म्हणतो, ऑक्सिजन छान आहे. फुफ्फुसांपुरतं ते बहुतेक वेळा खरं असतं. पण यंत्र मोजतं ते सॅच्युरेशन, आणि आपण धरून चालतो तो रक्तातला एकूण ऑक्सिजन. या दोन गोष्टींची गल्लत इतकी सर्रास होते की हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेल्या माणसालाही "ऑक्सिजन तर चांगलाय, मग धाप का लागते?" असं विचारलं जातं.

सॅच्युरेशन म्हणजे रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यावरच्या किती जागा ऑक्सिजनने भरल्यात त्याचा टक्का. हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर अशा 4 जागा असतात. एकूण जागा किती, याचा मात्र या टक्क्यात मागमूस नसतो.

एकूण ऑक्सिजन काढायचा तर थोडा गुणाकार करावा लागतो. पूर्ण भरलेलं 1 ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलीलिटर ऑक्सिजन धरतं. 100 मिलीलिटर रक्तात 15 ग्रॅम हिमोग्लोबिन आणि सॅच्युरेशन 98 असेल, तर त्यात सुमारे 19.7 मिलीलिटर ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन 7.5 असेल तर तो भरतो 9.9. बोटावरचं यंत्र दोघांनाही 98च दाखवणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. त्याला जे विचारलं, त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलेलं असतं.

या हिशेबात प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ द्रवात, नुसता विरघळलेला ऑक्सिजन धरलेला नाही. तो असतोच किती, 100 मिलीलिटर रक्तात जेमतेम 0.3 मिलीलिटर. पण रक्तातला ऑक्सिजनचा दाब म्हणतात तो या विरघळलेल्या ऑक्सिजनचा, आणि हिमोग्लोबिनवर किती जागा भरणार हे तोच ठरवतो. तेही सरळ प्रमाणात नाही. दाब पाऱ्याच्या 100 मिलिमीटरवरून 60 वर आला तरी सॅच्युरेशन 97-98 वरून 90 पर्यंतच उतरतं. तिथून पुढे मात्र उतार एकदम तीव्र होतो आणि 40 मिलिमीटरला ते 75 वर येतं. डॉक्टर 90 च्या आकड्याला एवढे का जपतात, ते यावरून कळावं.

आता निम्मं हिमोग्लोबिन असलेल्या माणसाकडे पुन्हा येऊ. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचं हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फिरवतं, म्हणजे 1000 मिलीलिटरच्या आसपास ऑक्सिजन ऊतींपर्यंत पोचतो. त्यातला वापरला जातो 250. बाकीचा तसाच परत येतो, म्हणून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचं सॅच्युरेशन 75 च्या घरात असतं. ही शिल्लक म्हणजे शरीराची गंगाजळी. हिमोग्लोबिन निम्मं झालं आणि हृदय पूर्वीइतकंच रक्त ढकलत राहिलं, तर पोचतात 500, गरज तीच 250. परतीचं सॅच्युरेशन 50 च्या आसपास येतं. बसल्या जागी निभतं. जिना चढायला लागलं की स्नायूंची मागणी वाढते, शिल्लक अपुरी पडते, आणि छाती धडधडायला लागते कारण तूट भरून काढायचं काम हृदयावर येतं.

गंमत अशी की शरीराचे पहारेकरीही दोन आहेत आणि दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर नजर ठेवतात. मानेतल्या मोठ्या धमन्यांजवळचे कॅरोटिड बॉडी नावाचे इवलेसे अवयव पाहतात तो दाब. रक्तक्षयात दाब ठीकच असतो, त्यामुळे ते स्वस्थ बसून राहतात. मूत्रपिंडाला मात्र आपल्या ऊतींना ऑक्सिजन कमी पडतोय हे जाणवतं. ते एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि अस्थिमज्जेला लाल पेशी वाढवायला लावतं. लोहच कमी असेल तर मज्जा तरी काय करणार!

अशा माणसाला नाकातून ऑक्सिजन देऊन फारसं साधत नाही. 98 चे 100 होतील. अगदी शुद्ध ऑक्सिजन दिला तरी, विरघळलेला धरून, 100 मिलीलिटर रक्तामागे दोनेक मिलीलिटरची भर पडते. खरा इलाज रक्त का कमी झालं ते शोधण्यात आणि ते भरून काढण्यात आहे.

उलटा प्रकारही असतो. फार उंचावर वर्षानुवर्षं राहणाऱ्या एखाद्याचं सॅच्युरेशन 85 आणि हिमोग्लोबिन 19 असू शकतं. गुणाकार केला तर 21.6 येतात, म्हणजे मघाच्या निरोगी माणसापेक्षा जास्त. हे फुकटात मिळत नाही, रक्त दाट होतं आणि हृदयाला ते ढकलणं जड जातं.

या दोहोंपेक्षा वाईट फसवणूक कार्बन मोनॉक्साइडची. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. नेहमीचा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त अशा दोनच प्रकाशलहरी वापरतो, आणि त्या प्रकाशात कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. म्हणजे इथे एकूण ऑक्सिजन तर घटलेला असतोच, पण पडद्यावरचं सॅच्युरेशनसुद्धा खोटं असतं. शिवाय उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजन हिमोग्लोबिन ऊतींपाशी सहजी सोडत नाही. खात्री करायला रक्ताचा नमुना घेऊन अधिक लहरींवर मोजणारं को-ऑक्सिमीटर लागतं. आणि रक्तक्षयात जो ऑक्सिजन फारसा कामाला येत नव्हता, तोच इथे पडद्यावर 98 दिसत असतानाही ताबडतोब द्यायचा असतो. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइडचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर ते तास-दीड तासात होतं.